पेनड्राइव्हमध्ये न मावणारं लग्न

लग्न होऊन दोन महिने उलटलेले असतात. स्टुडिओतून मिक्सिंग होऊन आलेली फाइल संगणकावर झकास चालते. चार तासांचा मामला, साधारण १४ जीबी. वधूकडच्या मंडळींना ती पेनड्राइव्हवर हवी असते, कारण दिवाणखान्यातल्या टीव्हीला तोच लागतो. पेनड्राइव्ह नवाकोरा, ३२ जीबीचा. फाइल त्यात टाकायला गेलं की विंडोज नकार देतं: या जागेसाठी फाइल फार मोठी आहे. समोर २९ जीबी रिकामे दिसताहेत आणि १४ जीबी मावत नाहीत, हा हिशेब घरातल्या कुणालाच पटत नाही. मग पेनड्राइव्ह डुप्लिकेट ठरतो, दुकानदाराचा उद्धार होतो आणि शेवटी फोन स्टुडिओवाल्याला जातो.

दोष दुकानदाराचा नसतो. पेनड्राइव्हवर जागेचा हिशेब ठेवण्याची जी पद्धत असते, तिचं नाव फॅट३२. ती १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तेव्हा घरच्या संगणकाची अख्खी हार्डडिस्कच एक-दोन जीबीची असायची. फाइलचा आकार लिहून ठेवायला या पद्धतीत ३२ बिटांची जागा आहे आणि तेवढ्या जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे एका फाइलला चार जीबीला एक बाइट कमी, एवढीच मुभा. पेनड्राइव्ह केवढाही असो, त्यातली एकेक फाइल या मापाच्या आतच राहिली पाहिजे. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला तर अडचण मिटते आणि नव्या टीव्हींना ते चालतंही. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये एक्सफॅटचा तपशील सर्वांसाठी खुला केला, तेव्हापासून लिनक्सवाल्यांचीही सोय झाली. पण जुने टीव्ही, गाडीतले प्लेअर, हॉलमधला सेट-टॉप खोका यांतली बरीच यंत्रं अजून फॅट३२च ओळखतात. तिथे फाइलचे भाग पाडण्यावाचून गत्यंतर नसतं.

भाग पाडायचे म्हटल्यावर जे प्रकार होतात, ते बघण्यासारखे आहेत. सर्वांत रूढ उपाय म्हणजे फाइल पुन्हा रेंडरला लावायची आणि आकार चार जीबीखाली आणायचा. चार तासांच्या १४ जीबी फाइलमध्ये दर सेकंदाला ८ मेगाबिट माहिती असते. तीच फाइल चार जीबीत कोंबायची तर सेकंदाला जेमतेम २.४ मेगाबिट उरतात, तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. मंडपात सगळे शांत बसलेले असतात तोवर हे खपून जातं. पण शेवटचं मंगलाष्टक संपून अक्षता पडायला लागल्या की चित्राचे चौकोन चौकोन होतात. हवेत एकाच वेळी हजारो दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या कुठल्याही पद्धतीला याहून अवघड दृश्य सापडायचं नाही. ज्या क्षणासाठी कॅमेरा बोलावला, नेमका तोच क्षण धुरकट होतो, आणि शालूच्या जरीचा पिवळा पट्टा होतो तो वेगळाच. तक्रार फाइलच्या आकाराची होती आणि बळी गेला चित्राचा. रोग रेड्याला, औषध पखालीला.

दुसरा मार्ग 'ऑनलाइन कटर'चा. एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर फाइल चढवायची, तिथे कापायची, परत उतरवून घ्यायची. सेकंदाला २० मेगाबिट वर पाठवणारी जोडणी असली, तरी १४ जीबी चढायला दीड तासाच्या वर वेळ लागतो. बहुतेक फुकट सेवांची मर्यादा त्याआधीच संपते आणि पैसे भरायची खिडकी उघडते. पैशांचं एक वेळ सोडा, घरातल्या बायकामुलांचं चार तासांचं चित्रण कुणा परक्याच्या सर्व्हरवर ठेवून यायचं, तेही फक्त कापून घेण्यासाठी, यात काही खटकू नये याचं नवल वाटतं. अंगठा उमटवताना दहा वेळा विचार करणारी माणसंही इथे बिनधास्त असतात.

वास्तविक हे काम घरच्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, पाच मिनिटांच्या आत उरकतं. चित्राला अजिबात धक्का लागत नाही आणि एक पैसा खर्च होत नाही. त्यासाठी लागते कमांडची एक ओळ. ती आपल्याकडे शिकवली जात नाही आणि ही चूक आहे, असं ठामपणे म्हणायला हवं.

त्या ओळीमागच्या प्रोग्रॅमचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली तो सुरू केला, तोही जेरार लांतो या टोपणनावाने. हाच बेलार पुढे साध्या डेस्कटॉप संगणकावर पायचे दोन लाख सत्तर हजार कोटी अंक काढून मोकळा झाला. ते २००९ साल होतं, आणि तोवरचे विक्रम महासंगणकांच्या नावावर होते. एफएफएमपेग त्याने केव्हाच इतरांच्या हाती सोपवला. आज जगभरचे प्रोग्रॅमर, बरेचसे बिनपगारी, तो सांभाळतात. तो मुक्त आहे, फुकट आहे आणि व्हिडिओशी संबंध असलेल्या जवळपास प्रत्येक गोष्टीच्या पोटात कुठे ना कुठे बसलेला आहे. यूट्यूबवर चढवलेल्या फाइलींवर तो काम करतो, क्रोम ब्राउझरमध्ये आहे, व्हीएलसी प्लेअरही त्याच्याच लायब्ररींवर उभा आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी नासाचं पर्सिव्हिअरन्स हे यान मंगळावर उतरलं, तेव्हा उतरतानाचं चित्रण दाबून साठवायचं काम यानावर यानेच केलं. दुकानात पैसे मोजून घेतलेल्या व्हिडिओ कन्व्हर्टरांतही पुष्कळदा आत हाच असतो, बाहेर फक्त रंगीत बटणं लावलेली असतात.

ओळ अशी आहे. टाइप ती इंग्रजी अक्षरांतच करायची, इथे नुसता उच्चार दिला आहे:

एफएफएमपेग -आय लग्न.एमपी४ -मॅप ० -सी कॉपी -एफ सेगमेंट -सेगमेंट_टाइम १२०० -रीसेट_टाइमस्टँप्स १ भाग%०३डी.एमपी४

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही गारुड्याची पुंगी वाटेल. पण एकेक शब्द घेतला तर सगळं सरळ आहे. 'आय' म्हणजे आत घ्यायची फाइल. '१२००' म्हणजे सेकंद, वीस मिनिटांचा एक भाग. चार तासांचे बारा भाग पडतात, प्रत्येक सव्वा जीबीच्या आसपास. 'सेगमेंट' म्हणजे भाग पाड. या साऱ्याचा प्राण आहे तो 'सी कॉपी' या दोन शब्दांत. चित्र उलगडू नकोस, नव्याने दाबू नकोस, जसंच्या तसं उचलून नव्या फाइलीत ठेव, असा तो हुकूम आहे. प्रोसेसरला फारसं कामच उरत नाही. हार्डडिस्क जितक्या वेगाने वाचेल आणि लिहील तितक्या वेगाने फाइल तुटत जाते. रात्रभर रेंडरला लावायची फाइल चहा होईस्तोवर तयार होते, यावर स्टुडिओत बसणाऱ्यांचाही चटकन विश्वास बसत नाही.

उरलेल्या शब्दांचं महत्त्व ते गाळले की कळतं. 'मॅप ०' लिहिलं नाही तर एफएफएमपेग फाइलमधला एकच व्हिडिओ आणि एकच आवाज उचलतो. एखाद्या माहितीपटात मराठी आणि इंग्रजी असे दोन ध्वनिपट्टे असले तर एक गुपचूप गळतो, आणि हे लक्षात येतं तेव्हा मूळ फाइल खोडून झालेली असते. 'रीसेट टाइमस्टँप्स' विसरलं तर दुसऱ्या भागाचं घड्याळ शून्याऐवजी विसाव्या मिनिटापासून सुरू होतं, आणि काही टीव्ही अशा फाइलपुढे बावचळतात. शेवटचा '०३डी' तर अगदीच किरकोळ दिसतो. भागांना तीन आकडी क्रमांक दे, ०००, ००१, ००२, एवढाच त्याचा अर्थ. तो टाळून नुसते १, २, ३ असे आकडे दिले तर पुष्कळ टीव्ही नावं अक्षरांच्या क्रमाने लावतात. मग एकनंतर दहा येतो, दहानंतर अकरा, आणि दोन त्याच्याही मागून. हळद लागते न लागते तोच नवरीची पाठवणी सुरू होते आणि आजी विचारतात, मधलं लग्न कुठे गेलं?

न उलगडता कापण्याला एक अट मात्र आहे आणि ती व्हिडिओच्या घडणीतच आहे. सेकंदाला पंचवीस चित्रं असली तरी फाइलमध्ये पंचवीसच्या पंचवीस पूर्ण चित्रं सहसा नसतात. मधूनमधून एखादं चित्र पूर्ण साठवलेलं असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. तिच्या पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढ्याच नोंदी असतात. मागची भिंत तीच, मांडव तोच, नवरदेवाचा हात तेवढा हलला. त्यामुळे कीफ्रेम सोडून भलत्याच ठिकाणी कापलेल्या भागाला सुरुवातच करता येत नाही. बेण्यासाठी ऊस तोडणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: टिपरीवर डोळा हवाच, डोळ्याविना टिपरी लावली तर उगवणार काय? 'कॉपी' सांगितल्यावर एफएफएमपेगचा सेगमेंट विभाग विसाव्या मिनिटानंतरची पहिली कीफ्रेम येईपर्यंत थांबतो आणि तिथे नवा भाग सुरू करतो. म्हणून भाग अगदी वीस मिनिटांचे पडत नाहीत, कुणी वीस मिनिटं तीन सेकंदांचा, कुणी सातांचा. कीफ्रेम किती अंतराने येते हे फाइल बनवणाऱ्यावर असतं. एक्स२६४ हा सर्वत्र वापरला जाणारा एन्कोडर मुद्दाम काही सांगितलं नाही तर जास्तीत जास्त २५० चित्रांनी एक कीफ्रेम टाकतो. सेकंदाला पंचवीस चित्रं धरली तर हे अंतर दहा सेकंदांचं होतं.

भाग पाडताना तीन सेकंद इकडे की तिकडे याने काही बिघडत नाही. पण भाषणातलं एखादं वाक्य नेमक्या शब्दापासून हवं असेल तर बिघडतं. 'कॉपी' करून काढलेल्या अशा तुकड्यात आवाज आधी येतो आणि चित्र गोठलेलं दिसतं, नाहीतर तुकडा चार सेकंद आधीच सुरू होतो. तिथे तेवढा तुकडा नव्याने एन्कोड करणंच योग्य. 'कॉपी' हे सगळ्या रोगांवरचं औषध आहे असं कुणी सांगत असेल, तर त्याने हे काम फार केलेलं नाही.

वेळेऐवजी थेट आकारावर का कापू नये, असा प्रश्न साहजिकच येतो. एफएफएमपेगमध्ये '-एफएस' नावाचा पर्याय आहे आणि नवखे त्याच्यावर फसतात. चार जीबी झाले की तो थांबतो खरा, पण थांबतो तो थांबतोच, पुढचे भाग पाडत नाही. हाती एक भाग येतो आणि बाकीचं लग्न राहून जातं. आकारावर तोडायचं असेल तर एमकेव्हीमर्ज हा मोफत प्रोग्रॅम अधिक सरळ आहे. आकडा सांगितला की तो कीफ्रेम बघून भाग पाडत जातो. मात्र त्यातून एमकेव्ही फाइल मिळते आणि ती आपल्या टीव्हीला चालते का, हे आधी पाहावं लागतं.

तसं पाहिलं तर चलत्चित्र जन्माला आलं तेच तुकड्यांत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला चोवीस चित्रांनी चालवलं तर अकरा मिनिटांत संपतं. गंमत अशी की सेकंदाला ५० मेगाबिट लिहिणाऱ्या आजच्या कॅमेऱ्याचे चार जीबी भरायलाही साडेअकरा मिनिटंच लागतात. शंभर वर्षांत तंत्र पार बदललं आणि डबा तेवढाच राहिला. मोठ्या थिएटरांत दोन प्रोजेक्टर असत. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करी आणि प्रेक्षकाला सांधा कळत नसे. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये एकच प्रोजेक्टर असला तर रीळ बदलेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आहे. तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. मधली दोन रिळं गेली ती गेलीच. पण प्रत्येक रीळ स्वतंत्रपणे चालू शकत होतं म्हणून उरलेली दोन आज पाहता तरी येतात.

डिजिटल काळातल्या मर्यादांमागची कारणं दर वेळी तांत्रिकच होती असंही नाही. डीव्हीडी संगणकात उघडून पाहिली तर चित्रपट एकेक जीबीच्या फाइलींत वाटलेला दिसतो, कारण जुन्या संगणकप्रणालींना मोठी फाइल झेपत नसे. कित्येक छायाचित्रण कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर चित्रण थांबवत. त्यामागे युरोपची जकात होती: सलग अर्धा तास चित्रण करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर कर बसे. यूट्यूबने २००६मध्ये दहा मिनिटांची मर्यादा घातली आणि २०१०मध्ये ती पंधरावर नेली. त्या काळात मराठी नाटकं आणि सिनेमे 'भाग १', 'भाग २' करत पाहिलेली एक पिढी आहे. तिसरा अंक निम्म्यावर आला की पुढचा भाग सापडत नसे. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला तीस सेकंदांची मर्यादा होती, ती २०२०च्या टाळेबंदीत भारतात काही काळ पंधरावर आणली होती. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे तेव्हा किती तुकडे झाले, ते गल्लोगल्लीच्या दादा-भाऊंना विचारावं.

आणि आज? भाग पाडणं संपलेलं नाही, फक्त दिसेनासं झालं आहे. अॅपलने २००९मध्ये एचएलएस ही पद्धत आणली. तिच्यात व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून एकामागून एक पाठवले जातात. आज तुकडा साधारण सहा सेकंदांचा ठेवावा अशी शिफारस आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाख पडद्यांवर चालू होता, तोही असाच तुकड्यातुकड्यांनी पोहोचत होता. एकही सांधा कुणाला जाणवला नाही, कारण प्रत्येक तुकडा कीफ्रेमपासून सुरू होतो. घरच्या फाइलचे भाग पाडताना 'क्वालिटी जाईल' अशी भीती घालणाऱ्यांनी हा सामना आठवून पाहावा.

इथवर जे सांगितलं ते प्रत्येक भाग वेगळा चालवता यावा म्हणून पाडलेल्या भागांबद्दल. भाग पाडण्याची दुसरीही एक जात आहे आणि दोन्हींत गल्लत केली तर पस्तावायची पाळी येते. युनिक्समध्ये 'स्प्लिट' नावाची फार जुनी कमांड आहे. फाइलमध्ये काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं, ती नुसते बाइट मोजून तोडते. विंडोजवर हेच काम सेव्हन-झिप करतो. अशा भागांवर डबलक्लिक करून उपयोग नसतो. एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका एकाच जागी असते, बहुधा अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी. बाइट मोजून तोडलं की ती एका भागात जाते आणि बाकीचे भाग मुके होतात. त्यांचा उपयोग एकच, पलीकडे नेऊन पुन्हा जोडणं. लिनक्सवर 'कॅट', विंडोजवर 'कॉपी /बी'. पण जोडल्यावर जी फाइल मिळते ती मुळाशी बाइटन् बाइट जुळते. एफएफएमपेगने पाडलेले भाग पुन्हा जोडले तर लग्न तेच दिसेल, फाइल मात्र वेगळी असेल.

हा फरक कोर्टात फार मोठा होऊ शकतो. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, असा वाद झाला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण पुराव्यात आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चित्रण मूळ यंत्रासकट हजर केलं नसेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार प्रमाणपत्र लागेल, असं न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्ये हे प्रमाणपत्र आहेच, शिवाय त्याच्या नमुन्यात आता फाइलचं हॅश मूल्यही लिहायचं असतं. हॅश म्हणजे अख्ख्या फाइलवरून गणित करून काढलेली अक्षर-अंकांची एक ओळ. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते.

सोसायटीच्या गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण चौकीत द्यायचं असतं, तेव्हा घडतं काय? कुणीतरी हौसेने 'महत्त्वाचा तेवढा भाग' कापतो, व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि मूळ चित्रणावर आठवडाभरात नवं चित्रण चढतं. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते पुन्हा दाबलं जातं, म्हणजे हॅशही गेलं आणि नंबरप्लेटही वाचता येईनाशी झाली. यंत्रातून काढलेली पूर्ण फाइल आधी जपावी आणि तिचं हॅश त्याच वेळी काढून ठेवावं. विंडोजमध्ये त्यासाठी 'सर्टयुटिल' आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. न्यायची पंचाईत असेल तर 'स्प्लिट'ने किंवा सेव्हन-झिपने तोडावी. पाहण्यासाठी म्हणून वेगळा तुकडा खुशाल काढावा, पण मुळाची जागा त्याला देऊ नये. सहकारी सोसायट्यांच्या सचिवांना वर्षातून एकदा एवढं कुणी सांगितलं तरी पुढची बरीच धावपळ वाचेल.

आता आक्षेप. काळ्या खिडकीत टाइप करायला लावणं हा सामान्य माणसावर अन्याय आहे, त्याला बटण द्या, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी लॉसलेसकट हा प्रोग्रॅम आहे. तो चांगला आहे आणि आत एफएफएमपेगच वापरतो. एखादी फाइल कधीतरी कापणाऱ्याने तो जरूर वापरावा. पण खाजगी क्लासच्या मास्तरांकडे वर्षाच्या अखेरीस साठ व्याख्यानं जमलेली असतात. साठ वेळा फाइल उघडा, खूण करा, सेव्ह करा, यात एक रविवार जातो. तीच कमांड लूपमध्ये बसवली की मास्तर जेवायला जाऊ शकतात. शिवाय बटणांची जागा दर आवृत्तीला बदलते. 'वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा' हे सांगणं सहा महिन्यांत शिळं होतं. ओळ मात्र अक्षरांची असते. ती मेसेजमध्ये पाठवता येते, वहीत लिहून ठेवता येते आणि साताऱ्यात चालली तर सांगलीतही चालते. 'कॉपी' सांगायची जुनी तऱ्हा दशकभराहून अधिक काळापूर्वीच्या वह्यांत सापडेल आणि ती आजही चालते.

एमएस-सीआयटी हा संगणक शिक्षणातला महाराष्ट्राचा स्वतःचा मोठा प्रयोग. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने तो गावोगाव नेला आणि सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागत असल्यामुळे कित्येक घरांत तो कुणी ना कुणी केलेला असतो. त्याने लोकांची माउसची भीती घालवली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण पंचवीस वर्षांनंतरही आपलं संगणक शिक्षण वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटभोवतीच घुटमळतं. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलं पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं उडवायला शिकतात आणि घरी येऊन साधा व्हिडिओ कापायला अनोळखी अॅपला पैसे देतात. दोन तासांची एक तासिका कमांडच्या ओळीला दिली, तर आकाश कोसळणार नाही. संगणक नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं मोफत अॅप असतं, त्यात हाच एफएफएमपेग चालतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. लोकांना ओळी चिकटवायची सवय लावली तर भामट्यांचं फावेल, हे खरं आहे. क्लिकफिक्स नावाचा एक सापळा अलीकडे फैलावला आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून एक खोटी खिडकी येते आणि विंडोजच्या रन चौकटीत एक ओळ चिकटवायला सांगते. चिकटवली की संगणक दुसऱ्याच्या ताब्यात. यात फसणारे बहुतेक ओळ न वाचताच चिकटवणारे असतात. वर जशी एकेक शब्दाची फोड केली, तशी फोड करता येत नसेल ती ओळ चालवायची नाही, हे शिकवायला तीच तासिका उपयोगी पडेल. एफएफएमपेग कुठून घ्यायचा हेही तिथेच सांगायला हवं, कारण त्याच्या नावाने शोध घेतला की जाहिरातींच्या भाऊगर्दीत नकली डाउनलोडही येतात. विंडोजवर 'विंगेट'ने किंवा अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच तो घ्यावा.

त्या तासिकेत आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, भाग पाडले तरी मूळ फाइल तशीच राहते, त्यामुळे डिस्कवर जवळपास दुप्पट जागा लागते. १४ जीबीचे भाग पाडायला आणखी १४ जीबी मोकळे हवेत. दुसरी, त्या नावाची फाइल आधीच असेल तर एफएफएमपेग एरवी पुसण्यापूर्वी विचारतो, पण 'सेगमेंट'ने भाग पाडताना विचारत नाही. ओळीत 'वाय' हा पर्याय घातला तर एरवीही विचारत नाही, आणि इंटरनेटवरून उचललेल्या कित्येक ओळींत तो घातलेला असतो. भाग तयार झाले की ते ज्या टीव्हीवर लावायचे त्याच टीव्हीवर प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट लावून पाहावा. मूळ फाइल तोपर्यंत हलवू नये, आणि नंतरही तिची एक प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर असल्याखेरीज ती खोडू नये.